चारशे दोनच्या पलीकडे

१

आबांची वाचा जाऊन आठ महिने झाले, तेव्हा घरात वायर आली.

आबा म्हणजे एके काळी न्यायालयात पुकारा करणारे गृहस्थ. साहेबांच्या दालनाबाहेर उभे राहून ते एखाद्याचे नाव घेत, तेव्हा तीन मजले खाली फाटकापाशी गप्पा छाटत बसलेला माणूस हातातले टाकून धावत सुटे. कचेरीत त्यांना सगळे ‘भोंगा’ म्हणत आणि तेही ते नाव पदकासारखे मिरवीत. असा माणूस एका सकाळी दाढी करता करता खुर्चीतून कलंडला आणि पुन्हा उठून बसला तो ‘अं’ आणि ‘हं’ एवढे दोनच स्वर घेऊन. पाय परतले, उजवा हातही पुष्कळसा परतला. वाचा तेवढी परतली नाही. त्यांच्या पत्नी माई मनाशी म्हणत, ज्याने दिली त्याने नेली, त्यावर आपण कोण रुसणार? पण नेताना त्याने हे दोन स्वर मागे ठेवले आहेत. म्हणजे दार लोटलेले आहे, कडी घातलेली नाही.

त्या दारापाशी माईंनी मग ठाण मांडले. दूरच्या शहरातल्या एक डॉक्टरीणबाई कॉम्प्युटरवरून वाचा शिकवतात असे लेकीने शोधून काढले. रोज सकाळी अकराला पाऊण तास. पण शेजारच्यांच्या कृपेने मिळणाऱ्या वायफायवर पहिल्याच दिवशी तारांबळ उडाली. डॉक्टरीणबाईंचे ओठ आधी हलत आणि आवाज मागाहून येई. आबा गोंधळून माईंकडे पाहत राहत.

“माई, असं नाही चालायचं,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “ओठ आणि आवाज त्यांना एकाच वेळी मिळायला हवेत. सरळ वायर घ्या. आणि लवकर घ्या हं. पहिलं वर्ष संपलं की नंतर फार थोडं परतून येतं.”

वर्ष संपायला चार महिने उरले होते. माईंनी त्याच दुपारी फोन केला.

वायरमन आला तो देहाने आडवा आणि जिभेने त्याहून ऐसपैस. लेकीचा जुना कॉम्प्युटर माईंच्या शिलाई मशीनशेजारच्या टेबलावर मांडलेला होता. ती खोली तळमजल्यावरची, एकच खिडकी असलेली. आणि खिडकीसमोर दुसऱ्या इमारतीची भिंत. भर दुपारीही तिथे उजेड यायचा तो जणू उष्टावलेला.

“भिंत फोडावी लागेल का हो?” माईंनी विचारले.

“कशाला? तुमच्याकडे पाइप आहे की आयता!” तो टेबलाखाली वाकून म्हणाला.

जमिनीपासून वीतभर उंचीवर बोटभर रुंदीचे एक भोक होते आणि त्यातून एका जुन्या वायरीचे टोक डोकावत होते. त्यावर रंगाचे तीन हात चढलेले. एकतीस वर्षे माई या खोलीत केर काढत होत्या. ते टोक त्यांनी पाहिले असेल, पण लक्षात घेतले नव्हते.

“ही कुठली वायर?”

“असेल कुणाची तरी. आधीच्या भाडेकरूंचा टेलिफोन असेल. दुसरं टोक जिन्यातल्या पेटीत निघालंय, बघून आलो मी. झ्याक काम झालं. या जुनीच्या शेपटीला नवी बांधायची आणि तिकडून जुनी ओढायची. जुनी बाहेर, नवी आत. पाइपाला काय माई, कोण ओढतंय ते थोडंच कळतं? ओढलं की येतं.”

त्याने नव्या वायरीचे टोक जुनीला पिळून बांधले, वरून काळी चिकटपट्टी गुंडाळली आणि “आलोच” म्हणून बाहेर गेला. वायरीचे वेटोळे जमिनीवर पडले होते. थोड्या वेळाने ते हलले. वायर भोकात शिरू लागली. भिंतीतून सरसर असा बारीक आवाज येत राहिला. हिसका नाही, थांबणे नाही. विहिरीतून पोहरा काढणाऱ्या सरावलेल्या हातासारखी एकसारखी ओढ. आबा दिवाणावरून टक लावून ते पाहत होते. माईंना कौतुक वाटले: माणूस बडबड्या, पण हात किती शांत!

बऱ्याच वेळाने तो शिडी खांद्यावर घेऊन परतला. “वा माई! माझं काम तुम्हीच केलंत की!” तो म्हणाला. बोलण्याची रीत, म्हणून माई हसल्या.

२

वायरीवर दर मीटरला आकडा छापलेला असतो, हे माईंना तेव्हा कळले. आयुष्य टेपच्या पट्टीवर काढलेल्या शिंपिणीच्या नजरेतून आकडा सुटत नाही. जिन्यातल्या पेटीत गेलेले टोक चारशे दोनचे. टेबलापाशी वायरमनने कापले ते चारशे एकतीसला.

“एकोणतीस मीटर?” तो स्वतःच चक्रावला. “मी पंधरा धरले होते. असेल पाइप फिरून आलेला.”

मग त्याने वायरीचे साल सोलले. आत आठ रंगीत धागे. ते त्याने क्रमाने सरळ केले, पारदर्शक बोंडात बसवले, चिमट्याने दाबले. एवढ्या जाड बोटांची ती नजाकत पाहून माईंना आपल्या कलेचा भाऊ भेटल्यासारखे वाटले. बोंड कॉम्प्युटरच्या पाठीत ‘टक्’ करून बसले. शेजारी मुगाएवढा हिरवा दिवा लागला. त्याने पडद्यावर नाव घातले, गुप्त शब्द माईंकडून टाइप करवून घेतला आणि खाली कोपऱ्यातली फुली जाऊन तिथे वायरीचे चिन्ह उमटले.

“आता तुमच्या डॉक्टरीणबाई शेजारच्या खोलीतून बोलल्यासारख्या बोलतील बघा.”

आणि खरेच तसे झाले. दुसऱ्या दिवशी अकराला डॉक्टरीणबाईंचे ओठ आणि आवाज एकमेकांना धरून आले. “म्हणा आबा, मा.” आबांनी ओठ मिटले, कपाळावर शीर उमटली, आणि “अं” आले. तेवढ्यावरही माईंचे डोळे भरले.

टेबल पुढे ओढून केर काढता यावा म्हणून माईंनी वायर हातभर सैल सोडून घेतली होती. त्या सैल वळशावरच चारशे तीसचा आकडा होता, टेबलाच्या पायापाशी. तिसऱ्या दिवशी केर काढताना तो आकडा त्यांना तिथे दिसला नाही. तो भोकाच्या तोंडाशी होता. माईंनी टेप आणला. वळसा एक वीत कमी भरला.

आपणच चुकलो, त्या म्हणाल्या. टेबल सरकले असेल. थंडीने वायर आखडली असेल. रबराचा काय भरवसा? चौथ्या दिवशी चारशे तीस भिंतीत गेला होता. माईंनी टेप गुंडाळून ठेवला आणि त्या दिवसापुरते तिकडे पाहायचे नाही असे ठरवले. मनुष्य ज्याला भितो त्याला आधी न पाहिल्यासारखे करतो. ते पाहायचे थांबत नाही, एवढीच अडचण.

३

“काय सुरेख ‘मा’ म्हणाले आज!” आठव्या दिवशी डॉक्टरीणबाई टाळ्या वाजवत म्हणाल्या.

माई दिवाणावर आबांच्या खांद्याला खांदा लावून बसल्या होत्या. आबांचे ओठ मिटलेले होते. ते पडद्याकडे पाहतही नव्हते. टेबलाखाली पाहत होते.

“आत्ता?” माईंनी विचारले.

“आत्ता, हो! ओठ जरा मागे राहताहेत, चित्र अडकत असणार. पण आवाज कसला स्वच्छ हो! म्हणा आबा, पाणी. …वा! वा आबा!”

खोलीत काहीही ऐकू आले नव्हते.

शिकवणाऱ्याने शिष्याला शाबासकी देत राहावे, हा धर्मच आहे. माईंनी तसे समजून घेतले. तिकडे दुसऱ्या कुणाचा आवाज मिसळत असेल. रोज पाऊण तास एकाच कामाला बसल्यावर ज्याला त्याला हवे ते ऐकू येऊ लागते. अशी कारणांची ठिगळे त्या जोडत गेल्या, आणि कापड रोज दुसरीकडे फाटत राहिले.

लेक आपल्या ऑफिसातून त्या तासाला कॉम्प्युटरवरून डोकावत असे. संध्याकाळी तिचा फोन आला तो रडत-हसतच. “आई! आबा मला ‘जेवलीस का’ म्हणाले! पूर्ण वाक्य, आई! तू बाजूलाच बसली होतीस आणि दगडासारखी गप्प काय?”

“मी ऐकलं नाही गं.”

“अगं, कान तपासून घे! थांब, मी रेकॉर्ड केलंय.”

मग फोनमधून आबा बोलले. आठ महिन्यांनी. तोच भरदार, छातीच्या तळातून येणारा आवाज. ‘मा’ म्हणाला, ‘पाणी’ म्हणाला, लेकीला जेवण विचारले. माई खाली बसल्या आणि पदराने तोंड दाबून रडल्या. शेवटी, धडा संपून डॉक्टरीणबाई निरोप घेत असताना, तो आवाज किंचित खाली आला, शेजारी बसलेल्या माणसाशी बोलावे तसा:

“अगं, जरा पुढे ये ना.”

लेक म्हणाली, “हे तुला म्हणताहेत बघ.”

आबा त्या वेळी दिवाणावर बसून माईंच्या तोंडाकडे पाहत होते. माईंनी त्यांना विचारले, “तुम्ही म्हणालात हे?” त्यांनी तोंड उघडले. काहीच आले नाही. ‘अं’ नाही. ‘हं’ नाही. त्यांनी पुन्हा उघडले. तेव्हा माईंच्या ध्यानात आले की किती तरी दिवसांत त्यांनी तो ‘हं’ ऐकलेला नाही. दुपारच्या झोपेतले घोरणे ऐकलेले नाही. खोकलाही नाही. माणूस शेजारी बसला होता आणि त्याच्याकडून एखाद्या चित्राइतकाच आवाज येत होता.

४

वायरमन दुसऱ्या दिवशी दहाला आला. “काय माई, तोडलीत का वायर? घरात उंदीर तर नाहीत ना?”

“उंदीर असता तर बरं झालं असतं. तुम्ही ही वायर काढा. खिडकीवाटे दुसरी आणून द्या.”

“चालतंय ना पण? दिवा तर हिरवागार आहे.”

“कोणीतरी आत ओढतंय ती.”

तो आधी हसला. मग टेबलाखाली वाकला. वळसा उरलाच नव्हता. बोंडापासून भोकापर्यंत वायर ताणून बसली होती, तंबोऱ्याच्या तारेसारखी. कॉम्प्युटर भिंतीकडे चार बोटे सरकला होता. टेबलावरच्या धुळीत त्याची वाट उमटली होती.

“जिन्यातून कोणी…” असे पुटपुटत तो बाहेर जाऊन आला. “तिकडेही घट्ट आहे हो. माझं बोंड, माझा आकडा, चारशे दोन. जागचं हललेलं नाही.” तो घाम पुसत दिवाणाच्या कडेला टेकला. “माई, एक विचारू का? त्या दिवशी तुम्ही वायर किती जोरात ढकलली होती?”

“मी कशाला ढकलू? तुम्ही ओढत होतात ना तिकडून?”

“मी?” तो म्हणाला. “मी शिडी आणायला गल्लीच्या टोकाला गेलो होतो. जिन्यात आलो तर नवीचं टोक पेटीतून बाहेर येऊन लोंबत होतं. मला वाटलं, माई हुशार, इकडून ढकलली.”

“मी इथे उभी राहून बघत होते. ती आपणहून आत जात होती.”

खिडकीसमोरच्या भिंतीवर कुणाची तरी बादली आपटल्याचा आवाज आला.

“आणि ती जुनी वायर?” माईंनी विचारले. “जिन्यात पडली असेल ना?”

“तीच मीही शोधली. नव्हती. मला वाटलं, कुणी झाडून नेली.” त्याने पिशवी उचलली. “हे बघा माई, मी काढणार नाही. तुम्हाला कापायची तर कापा, ही कात्री ठेवतो. नवी लाइन मी खिडकीतून फुकट टाकून देईन, देवाशपथ. पण त्या पाइपाला मी हात लावणार नाही. मला दोन मुली आहेत.”

डॉक्टरीणबाईंना माईंनी फोन केला. त्या कळवळून म्हणाल्या, “आत्ता खंड पाडू नका हो! इतकं यश मी पंधरा वर्षांत पाहिलं नाही.” लेक म्हणाली, “आई, तुझ्या शंकांपायी आबांचा आवाज घालवू नकोस.”

माई कात्री घेऊन टेबलाखाली बसल्या. पाते वायरीवर ठेवले. कापावी, तर जे आत गेले ते आतच राहायचे. एवढे कळायला शिंपिणीला शास्त्र लागत नाही: धागा तुटला की पलीकडचे टोक कापडात नाहीसे होते. त्यांनी कात्री बाजूला ठेवली आणि ताण किती आहे ते पाहावे म्हणून वायर मुठीत धरून आपल्याकडे थोडी ओढली.

बोटभर वायर बाहेर आली.

“हं,” मागून आबा म्हणाले.

माईंनी दचकून हात सोडला. वायर सळकन आत गेली, आणि आबांचे तोंड उघडे राहिले ते नुसतेच.

५

पावणेअकरा झाले होते. माईंनी साडीचा पदर खोचला, डोळे मिटून ज्याला हाक मारायची त्याला हाक मारली आणि वायर दोन्ही हातांनी धरली.

पहिले दोन मीटर भिंतीने दिले नाहीत. ते तिच्याकडून हिसकून घ्यावे लागले. मग सरसर सुरू झाली. चारशे एकोणतीस. अठ्ठावीस. मागे आबांचा श्वास ऐकू येऊ लागला, मग खोकला, मग तो ‘हं’. चारशे वीस. “मा,” आबा म्हणाले. माईंनी मागे वळून पाहिले नाही. पाहिले तर हात थांबतील. वायर पायाशी साचत चालली. चारशे अकराला “पाणी” आले, स्पष्ट, घशातले. चारशे पाचला आबा रडले. त्या रडण्यालाही आवाज होता, म्हणून माईंना ते गाण्यासारखे वाटले.

मग चारशे दोन आला. तिथे बोंड असायला हवे होते. जिन्यातल्या पेटीतले वायरमनचे बोंड, ज्याच्या पलीकडे या वायरीचा सुतभरही भाग जगात नव्हता. बोंड नव्हते. वायर पुढे येतच राहिली. चारशे एक. चारशे. तीनशे नव्याण्णव. कॉम्प्युटरच्या पाठीतला दिवा हिरवाच होता.

थांबावे, असे माईंच्या बुद्धीने सांगितले. तेवढ्यात मागून आबा म्हणाले, “अगं, दमशील. खिडकी उघड जरा. कोंदलंय इथे.”

आठ महिन्यांपूर्वीपर्यंत रोज दहादा ऐकून ज्याचा त्रास व्हायचा, तेच ते वाक्य. कुठली माणसाची बुद्धी यापुढे टिकेल? माई ओढत राहिल्या.

तीनशे नव्वदला वायर जड झाली. ती अडकल्यासारखी नव्हती; जड होती. दुसऱ्या टोकाला वजन बांधलेले असावे तशी. वायरीचा रंगही इथे वेगळा होता. त्यावर रंगाचे जुने पापुद्रे होते आणि ती ओलसर लागत होती. माईंनी पकड सैल केली तशी ती वीतभर आत गेली आणि आबांचे बोलणे शब्दाच्या मधोमध चिरले. म्हणून त्यांनी ती कमरेभोवती दोन फेरे गुंडाळली, मशीनच्या लोखंडी पायांना टाचा रोवल्या आणि ताण अंगावर घेऊन बसल्या. आता पुढे येत नव्हती, मागे जात नव्हती. आबा बोलत होते. कचेरीतल्या गोष्टी, लेकीचे लहानपण, माईंनी पंचवीस वर्षांपूर्वी शिवलेल्या आणि एक बाही लांब झालेल्या सदऱ्याची थट्टा. “उगाच नाही मी साहेबांसमोर एक हात मागे घेऊन उभा राहायचो!” माई हसत होत्या आणि त्यांच्या कमरेला वळ उठत होते.

अकराला कॉम्प्युटर वाजला. आबांनी स्वतः उठून बटण दाबले आणि परत येऊन दिवाणाच्या मध्यभागी बसले.

“आबा!” डॉक्टरीणबाई पडद्यावर थक्क झाल्या. “आज ओठ आणि आवाज अगदी जुळलेत! माई कुठे आहेत? दिसत नाहीत त्या.”

“ती खाली बसलीय. तिला काही सांगू नका, ऐकायची नाही ती,” आबा म्हणाले. “हट्टी पहिल्यापासून. लग्नाच्या आधी मी हिला बघायला गेलो, तेव्हा हिने मला…”

त्याच क्षणी माईंच्या कमरेवरचा ताण गेला.

वायर ढिली पडून मांडीवर आली. तुटली नव्हती. तिकडून ओढणारे ओढायचे थांबले होते. भिंतीत सरसर पुन्हा सुरू झाली, आणि आता वायर जागची हलत नव्हती. आवाज तेवढा जवळ येत होता. तोच बेताचा, न घाईचा, सरावलेल्या हाताचा. माईंनी भोकाकडे पाहिले. ते बोटभर रुंदीचे होते. त्याच्या कडेच्या आतून, अंधारात, रंगाने माखलेले असे काहीतरी कडेवर येऊन टेकले, मग त्याच्या शेजारी दुसरे, मग तिसरे, जशी आंधळ्याची बोटे उंबरा चाचपतात.

“आबा,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “गप्प का झालात? काय केलं माईंनी?”

आबांनी त्यांना उत्तर दिले नाही. त्यांनी टेबलाखाली पाहिले. मग ते दिवाणावर एका बाजूला सरकले, मधली जागा हाताने झटकून साफ केली, आणि अदबीने म्हणाले, “या.”